साहेबांच्या कोटावरचं सराट्याचं फूल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जनपद सभेचे प्रमुख, सन्माननीय लक्ष्मणरावजी. प्रमुख पाहुणे, खापरझरीचे माजी मालगुजार श्रीमान प्रभाकररावजी. ज्यांना निरोप द्यायला आपण सारे इथे जमलो ते आपल्या गुरांच्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, आदरणीय कृष्णकांतराव आष्टीकरसाहेब. व्यासपीठावरचे इतर मान्यवर, दवाखान्यातले माझे सहकारी, वडनेरच्या रस्त्यावरच्या गावागावांतून बैलगाड्या जुंपून आलेले शेतकरी आणि धनगर बांधव, आणि उजवीकडच्या सतरंजीवर बसलेल्या माता-भगिनींनो,

मी डॉक्टर प्रेमदास थूल. साहेबांच्या हाताखालचा सहायक. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे पाच मिनिटं लिहिली आहेत. पण ज्या माणसानं या तालुक्यात इतकी वर्षं नोकरी केली, त्याच्याविषयी पाच मिनिटांत कोण काय बोलणार? थोडा वेळ जास्त लागेल. अध्यक्षमहाराज मोठ्या मनाचे आहेत, सांभाळून घेतील, अशी आशा करतो.

निरोपाच्या भाषणात गुणगौरव करायचा असतो. मी तो करणार, आणि खोटा करणार नाही. साहेब वेळेचे पक्के. दवाखान्याचं दार उघडायच्या आधी साहेब दारात हजर. त्यांच्या पांढऱ्या कोटावर कधी डाग पाहिला नाही. बुळकांडीची साथ आली तेव्हा गावोगाव हिंडून त्यांनी बैलांना टोचलं, त्यामुळे आज इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या दावणी भरलेल्या राहिल्या. हे मी नाकारलं तर माझीच जीभ मला टोचेल. साहेबांचं इंग्रजी उत्तम. साहेबांचा आवाज उत्तम. कुठल्याही गोष्टीवर मत द्यायला साहेबांना कधी फार वेळ लागला नाही. हाही त्यांचा गुणच म्हणायचा. तो गुण लक्षात असू द्या, मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

आत्ताच मानपत्र वाचून झालं. त्यात एक वाक्य होतं. 'मेंढ्यांच्या डोके-सुजीचे कारण सराटा ही वनस्पती आहे, हे संशोधन करून ज्यांनी धनगर समाजावर अनंत उपकार केले.' या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. साहेबांनी मान लववून त्या स्वीकारल्या.

आता आज सकाळची एक गोष्ट सांगतो. व्यासपीठाची मांडामांड माझ्याकडे होती. झेंडूच्या माळा, गुलाबपाणी, तक्के, सगळं झालं. मग साहेबांच्या खुर्चीसमोर मी काचेच्या पेल्यात थोडी रानफुलं आणून ठेवली. छोटी छोटी, पाच पाकळ्यांची, हळदीसारखी पिवळी. साहेब आले, खुर्चीवर बसले, त्यांनी पेला जवळ ओढला आणि मला म्हणाले, "वा थूल! हे काय विलायती फूल आणलंत?" मी म्हणालो, "विलायती नाही साहेब. आपल्याच दवाखान्याच्या मागच्या मुरमाड जागेत उगवतं." साहेब म्हणाले, "अस्सं? फारच नाजूक आहे. बी धरून ठेवा माझ्यासाठी, नागपूरच्या घरी बागेत लावीन." आणि त्यातलं एक फूल त्यांनी कोटाच्या काजात खोवलं. प्रभाकररावजी शेजारीच बसले होते. त्यांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले, "छान दिसते." खरं ना, प्रभाकररावजी?

ते फूल अजून साहेबांच्या कोटावर आहे. मागच्या लोकांना दिसत नसेल. साहेब, जरा इकडे वळता का? हां. ते पिवळं.

सभाजनहो, ते सराट्याचं फूल आहे.

हसा, हसायला माझी हरकत नाही. पण जरा विचारही करा. सराट्याचा काटा या सभागृहातल्या प्रत्येक तळपायाला माहीत आहे. त्याचं फूल मात्र सगळ्यांनाच माहीत असतं असं नाही, कारण ते पाहायला खाली वाकावं लागतं. पावसाळ्यात उगवतं, जमिनीसरसं ताटासारखं पसरतं, पानं चिंचेच्या पानांसारखी, ऊन चढलं की फूल उमलतं, दुपार कलली की मिटतं. पावसाळा सरला की वेल वाळून जातो, काटे तेवढे उरतात. शेतकऱ्यानं फूल पाहिलं नाही तरी चालेल, वकिलानं नाही पाहिलं तरी चालेल. पण ज्यांनी नागपूरच्या मोठ्या सभेत सराट्यावर व्याख्यान दिलं, ज्यांना त्याबद्दल चांदीचा पेला मिळाला, ज्यांच्या मानपत्रात आज सराटा लिहिला गेला, त्यांनी हा सराटा कधी पाहिला होता?

प्रभाकररावजी, आपण माझा सदरा ओढू नका. मी विषय सोडून बोलत नाही. विषय मानपत्रातलाच आहे.

तर ही हकीकत आहे एकोणीसशे पन्नास सालची. खापरझरी गावची. आपल्यातले पुष्कळ जण त्या गावचे आहेत, त्यांना ती तोंडपाठ आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या साली पाऊस सुरुवातीला बरा झाला आणि मग भादव्यात त्यानं तोंड फिरवलं. आभाळ कोरडं, ऊन असं की मुरमाड जागा तव्यासारखी तापायची. गवत करपलं. हिरवं काय राहिलं असेल तर तेवढा सराटा, तोही मान टाकलेला.

गावात तानबाजी धनगराचा मेंढ्यांचा कळप होता. तानबाजी आज इथे आले आहेत, मागे खांबाला टेकून बसले आहेत. आणि गावाच्या खालच्या अंगाला, महारवाड्यात, भागीरथा नावाची एक बाई राहायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला, म्हणून माहेरी परत आली. घरात म्हातारी आई जिजाबाई. आणि एक धाकटा भाऊ. तो भाऊ शिकावा म्हणून तिनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, आणि त्याला नागपूरला पाठवलं. बाई कामाला जेवढी तेज, बोलायलाही तेवढीच. तेही सांगितलं पाहिजे.

तानबाजींच्या मेंढ्या एक दिवस तिच्या बटईच्या तुरीत शिरल्या. वितभर वाढलेली तूर फस्त. भागीरथा धावत गेली आणि वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, उभी राहून ओरडली. काय ओरडली तेही खापरझरीत सगळ्यांना पाठ आहे. "तानबा, माही तूर खाल्ली तुह्या मेंढ्याईनं! पचनार नाई त्याईले! मरतीन, पाहजो!"

रागात माणूस काय काय बोलतो! आपण घरात पोरांना रोज काय काय म्हणतो? पण चारच दिवसांत तानबाजींच्या मेंढ्यांची तोंडं सुजायला लागली. कान लोंबले. डोळे मिटले. ओठ फुगले, नाकाची कातडी तडकली. मेंढ्या उन्हात उभ्या राहून डोकं झाडायच्या, एकमेकींच्या सावलीत तोंड खुपसायच्या, आणि पडायच्या. कळप निम्मा झाला. तानबाजी वेड्यासारखे झाले होते. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर मेंढ्या पटापट पडताहेत, त्याला कोणी तरी दोषी पाहिजेच असतं. गावानं तो शोधून दिला. भागीनं तोंडानं म्हटलं होतं ना!

पण गावाच्या म्हणण्यानं कोणी तुरुंगात जात नाही. त्याला जाणकाराचा शब्द लागतो. म्हणून डॉक्टरसाहेबांना बोलावणं गेलं.

साहेब आले. प्रभाकररावजींच्या ओट्यावर बसले. खाली गादी होती, हातात चहा होता. खापरझरीतली जी माणसं त्या वेळी ओट्याखाली उभी होती, त्यांतली दहा-बारा तरी आज इथे आहेत. एक मेलेली मेंढी ओढत आणली. साहेबांनी ओट्यावरूनच पाहिली. हात लावला नाही. कोटावर डाग पडला असता. मेंढ्या कुठे चरत होत्या असं त्यांनी विचारलं नाही. जिवंत आजारी मेंढ्या मागे वाड्यात होत्या, तिकडे ते गेले नाहीत. चहा संपवला आणि म्हणाले, "जहर दिलेलं आहे. धोतरा असावा." आणि विचारलं, "कोणावर संशय आहे का?"

झालं. एवढंच. पेलाभर चहाच्या वेळात.

अध्यक्षमहाराज, घंटी ऐकू आली. मी आपला आदर करतो. पण ही हकीकत अर्ध्यावर थांबवली तर साहेबांवरच अन्याय होईल, लोक उरलेली आपल्या मनानं पुरी करतील. चालू ठेवू? आभारी आहे.

कोर्टात साहेबांनी हेच शपथेवर सांगितलं. आवाज उत्तम, इंग्रजी उत्तम. समोर उभ्या असलेल्या बाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ती तेवढंच म्हणत राहिली, "मी नाई देल्लं. मी काऊन देईन? मुकं जनावर हाय ते." तिला सहा महिन्यांची सजा झाली.

तिची आई जिजाबाई तेव्हा डोळ्यांनी अधू झाली होती. महारवाड्यातल्या बायांनी तिला उपाशी ठेवलं नाही, भाकर आणून द्यायच्या. पण म्हातारी खाईना. कोणाची पावलं वाजली की विचारायची, "भागी आली का?" नागपूरला शिकत असलेल्या पोराला हे कळवू नका, त्याची परीक्षा आहे, असं तिनंच शेजाऱ्यांना बजावलं होतं. त्याला कळलं तेव्हा तो धावत आला. म्हातारीनं त्याचा चेहरा हातांनी चाचपला आणि त्यालाही तेच विचारलं, "भागी आली का?" थंडी संपायच्या आत ती गेली. मुलीला मातीला सुद्धा सोडलं नाही.

तो पोरगा मी होतो. भागीरथा माझी मोठी बहीण. जिजाबाई माझी आई.

साहेब, आपण माझ्याकडे असं का पाहताय? दीड वर्ष मी आपल्या हाताखाली काम केलं. आपण मला कधी विचारलं नाहीत, थूल, तुमचं गाव कोणतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी लपवलं नाही.

मला वकील व्हायचं होतं. आईला माती देऊन परत निघालो तेव्हा बदललं. म्हटलं, वकील होऊन मी फार तर भांडेन. मला तर या माणसाच्याच खुर्चीशेजारी बसायचं आहे, याच्याच विद्येत. जबलपूरच्या कॉलेजात गेलो तो गुरांच्या प्रेमानं गेलो असं मी इतर वेळी सांगतो. आज निरोप समारंभ आहे, आज खरं सांगतो. मी रागानं गेलो. रागानं अभ्यास केला आणि रागानंच पहिला आलो. राग वाईट असतो म्हणतात. माझ्या तरी तो फार उपयोगी पडला.

भागीरथा सुटून आली तेव्हा तिचं नाव गावानं बदलून ठेवलं होतं. 'जहरवाली'. ती रस्त्यानं निघाली की लोक आपली गाय-वासरं बाजूला ओढायचे. तिला वावरात निंदायला कोणी बोलवेना, की हिच्या हाताचं गवत बैलानं खाल्लं तर? लहान पोरं लांबून ओरडायची, "जहरवाली आली!" ती कोणाशी भांडली नाही. भांडणारी बाई होती हो ती, धुऱ्यावर उभी राहून अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडणारी. तुरुंगातून आली ती हळू बोलायला लागली, ते आजपर्यंत. शेवटी गाव सोडलं आणि पुलगावला गेली, गिरणीत लागली.

कॉलेजात एक दिवस आमच्या प्राध्यापकांनी परदेशातल्या मेंढ्यांच्या एका रोगाविषयी सांगितलं. पावसानं ताण दिलेला असताना, कडक उन्हात मलूल झालेला सराटा मेंढीनं पोटभर खाल्ला, की तिचं काळीज, म्हणजे यकृत, बिघडतं, आणि मग तिच्या कातडीला ऊन सोसत नाही. डोकं सुजतं, कान लोंबतात, ओठ फुगतात. सावलीत नेऊन दुसरा चारा दिला तर पुष्कळ वाचतात. मी वर्गात बसलो होतो. मला खापरझरीच्या मेंढ्या दिसत होत्या.

मग चौपन्न साल आलं. पुन्हा भादवा कोरडा. मी काकांकडे गावी आलो होतो. तानबाजी स्वतः आमच्या दारात आले. महारवाड्यात याआधी कधी पाय न ठेवलेला माणूस. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी मला जे विचारलं, ते त्यांच्याच तोंडून ऐका. तानबाजी, उभे राहता का? काय विचारलं होतं तुम्ही मला?

ऐकलंत? मागे आवाज गेला नसेल, मी पुन्हा सांगतो. "पोरा, माह्या मेंढ्या पुन्हा सुजून राह्यल्या. आता तं भागी इथं नाई. मंग आता जहर कोनं देल्लं?"

बसा तानबाजी. एवढा सरळ प्रश्न चार वर्षांत कोर्टाला, गावाला, ओट्यावर बसलेल्यांना, कोणालाच पडला नव्हता.

मी त्यांच्याबरोबर रानात गेलो. सगळी जमीन पिवळ्या फुलांनी भरलेली, पानं उन्हानं सुकलेली, आणि मेंढ्यांनी खुडून खाल्लेले वेल. आम्ही दोघांनी आजारी कळप आमराईच्या दाट सावलीत हाकलला, ज्वारीचा कडबा घातला, पाणी पाजलं. दिवसा सूर्य दिसू दिला नाही. चार-सहा गेल्या. बाकी सगळ्यांची सूज उतरली. तानबाजी एका मेंढीच्या तोंडावरून हात फिरवत बसले होते, फिरवत फिरवत रडायला लागले. म्हणाले, "म्या त्या बाईले जेलात धाडलं रे."

दुसऱ्या दिवशी मी सराट्याचे वेल धोतराच्या फडक्यात बांधून साहेबांकडे आलो. याच दवाखान्यात. सगळं सांगितलं, आणि हात जोडून म्हटलं, "साहेब, पन्नास साली हेच होतं. आपण एवढं कोर्टाला कळवा. माझ्या बहिणीचं नाव धुऊन निघेल." साहेबांनी फडक्याची गाठ सोडली नाही. म्हणाले, "विद्यार्थी ना तुम्ही? आधी परीक्षा द्या, मग मला शिकवा." मी फडकं टेबलावरच ठेवून निघालो. पुढे सहायक म्हणून त्याच टेबलासमोर उभा राहिलो, तेव्हा साहेबांनी मला ओळखलंही नाही.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांचं नागपूरला व्याख्यान झालं. 'मेंढ्यांची सूज आणि सराटा'. मी जबलपूरला वर्तमानपत्रात बातमी वाचली. त्या व्याख्यानात खापरझरीचं नाव होतं. तानबाजींच्या कळपाचं वर्णन होतं. सावलीत नेल्यानं मेंढ्या वाचल्या, हे होतं. भागीरथा मात्र नव्हती. माझं नाव नव्हतं याचं मला काही वाटत नाही, खरंच सांगतो. रोगाचं कारण साहेबांनी माझ्याकडून नेलं, मी प्राध्यापकांकडून. विद्या अशी इकडून तिकडे जातच असते. पण साहेब, आपल्याला कळलं होतं! जहर नव्हतं हे आपल्याला कळलं होतं, आणि ते आपण चांदीच्या पेल्यासाठी सांगितलंत, त्या बाईसाठी सांगितलं नाहीत.

यंदा उन्हाळ्यात मी पुन्हा विषय काढला. कोणाची बहीण वगैरे बोललो नाही, नुसतं विचारलं, "साहेब, पन्नास सालच्या त्या मेंढ्यांचं काय हो? त्याही सराट्यानंच मेल्या असतील?" साहेब हसले. म्हणाले, "असतील. पण ती बाई सुटून आली ना? मग झालं. जुनी मढी कशाला उकरता?" त्या दिवशी मी ठरवलं की साहेबांच्या निरोप समारंभात मी बोलायचं. या सभेची पत्रकं मी वाटली. खापरझरीला गाड्या मी पाठवल्या. इतकी गर्दी या सभागृहात कधी झाली नव्हती असं मघाशी एक वक्ते म्हणाले. ती गर्दी मी जमवली आहे. चार वर्षं वाट पाहून जमवली आहे, आणि या घटकेला मला जो आनंद होतो आहे तो लपवण्याची माझी इच्छा नाही.

साहेब, उठू नका. आपली गाडी दुपारची आहे. कोणीतरी साहेबांना पाणी द्या. प्रभाकररावजी, आपणही बसा, ओटा आपला होता.

उजवीकडच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत पांढरं पातळ नेसून बसल्या आहेत, त्या भागीरथाबाई. होय, त्याच. खापरझरीकर मघापासून माना वळवून वळवून पाहत आहेत, ते मला इथून दिसतं आहे. नीट पहा. गाय-वासरू बाजूला ओढायची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली. तेव्हापासून काही सज्जन लोक तिला येऊन सांगतात, आता तू बुद्धाच्या वाटेवर आहेस, मनातलं काढून टाक, त्यांना क्षमा कर. तिनं त्यांना काय उत्तर दिलं ते मी ऐकलं आहे. म्हणाली, "वैर नाई ठेवलं मी मनात. मी कोनाचं वाईट कराले जात नाई. पन माफी माही हाय. द्याची का नाई, ते मी पाहीन."

तानबाजींना तिनं ती दिली. ते पुलगावला पायी गेले होते, खांद्यावर नवं घोंगडं घेऊन. तिच्या चाळीत, सगळ्या शेजाऱ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "ह्या बाईनं जहर देल्लं नव्हतं. म्या खोटा आळ घेतला." मग खापरझरीच्या चावडीवरही तेच म्हणाले, आणि त्याबद्दल भावकीच्या शिव्या खाल्ल्या. घोंगडं तिनं ठेवून घेतलं. मला म्हणाली, "त्याले कोनी आनलं नाई. थो आपल्या पायानं आला."

साहेब, आता माझं एकच मागणं आहे. शपथेवर आपण जे सांगितलंत त्याच्या उलट, एवढं एक वाक्य, या माइकवर. कागद नको, सही नको. ज्या लोकांनी आपल्या तोंडून जहर हा शब्द ऐकला, तेच लोक समोर बसले आहेत. हे घ्या. मी बाजूला होतो.

ऐकू आलं नाही साहेब. 'काही गैरसमज झाला असावा', असं आपण म्हणालात. गैरसमज नाही झाला. गैरसमज दोघांचा होतो. पुन्हा बोला.

ऐकलंत, सभाजनहो? मी पुन्हा सांगतो, कारण साहेबांचा आवाज आज पहिल्यांदाच बसला आहे. साहेब म्हणाले, "जहर नव्हतं. सराटा होता. मी मेंढी तपासली नव्हती."

टाळ्या वाजवू नका. ही टाळ्या वाजवायची गोष्ट नाही.

थांबा. साहेब पायऱ्या उतरताहेत. वाट द्या त्यांना. मी हे मागितलं नव्हतं. हे साहेब स्वतःहून करताहेत, किंवा इतक्या लोकांच्या डोळ्यांनी करवून घेतलं असेल, ते मला सांगता येणार नाही. सतरंजीवरच्या बायांनो, जरा सरका.

जे माझ्यापासून दूर बसले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. साहेब भागीरथाबाईंसमोर उभे आहेत. त्यांनी हात जोडले आहेत. ते म्हणाले, "बाई, माझ्या हातून मोठा अपराध झाला. मला क्षमा करा." हे पुढच्या रांगांनी ऐकलं आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे, तेही मी सांगतो. आपल्याला ते दिसलं नाही असं नंतर कोणी म्हणू नये.

आणि बाईंनी जे उत्तर दिलं, ते तर कोणालाच ऐकू गेलं नसेल. ती हळू बोलते, का ते मी मघाशी सांगितलं. मी तिचा भाऊ आहे, मला तिचे ओठ वाचता येतात. ती म्हणाली, "नाई."

साहेब, आपण वर येऊन बसावं. हार अजून घालायचा आहे, तो आपलाच आहे. गुरांची जी सेवा आपण केलीत तिचा तो हार आहे, आणि तो आम्ही मनापासून घालणार. स्टेशनपर्यंत सामान न्यायला माणसं ठेवली आहेत. काही राहून जाणार नाही.

माझं बोलणं इथे संपलं. अध्यक्षमहाराजांनी पुन्हा घंटी वाजवली नाही, त्यांचा मी जन्मभर ऋणी राहीन. प्रभाकररावजी शेवटपर्यंत खुर्चीवर बसून राहिले, त्यांचेही आभार. तानबाजींचे आभार. खापरझरीहून आलेल्या प्रत्येकाचे आभार. आणि घरी गेल्यावर आज काय ऐकलं ते न आलेल्यांना सांगा, एवढं काम मी तुमच्यावर सोपवतो. भाषण आटोपताना वक्त्यानं श्रोत्यांची क्षमा मागायची असते. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचा वेळ जास्त घेतला असेल, तर मीही ती मागतो. द्यायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.